अफझलगंजला घर घ्यायचंय, भाड्यानं द्यायचंय? इसार देण्याआधी हे वाचा



एरवी या पेजवर आपण मत्स्यबीज, जाळी, बर्फाचा भाव, तलावाचा ठेका याबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे. गेल्या वर्षभरात संस्थेच्या ऑफिसात येऊन पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला : "थोडे पैसे साठलेत. हैदराबादेत अफझलगंजला एखादं घर घेऊन भाड्यानं टाकावं म्हणतो. बरं पडंल का?"

प्रश्न उगाच आलेला नाही. मासळीच्या गाडीबरोबर बेगमबाजारला जाणारे आपले लोक आहेत. नांदेड, देगलूर, बिलोलीकडून पेशंट घेऊन उस्मानिया दवाखान्यात जाणारे त्याहून जास्त. बस इमलीबनला उतरवते, म्हणजे आताचं महात्मा गांधी बस स्टेशन, आणि पूल ओलांडला की अफझलगंज. तिथं खोलीसाठी वणवण करणारी माणसं आपण डोळ्यांनी बघतो आणि मनात येतं, आपलीच एक खोली इथं असती तर?

विचार वाईट नाही. पण आपल्याच एका सभासदानं घाई केली आणि १ लाख रुपये अडकवून बसला. त्यानं परवानगी दिली म्हणून त्याची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. लेख मोठा आहे, सवडीने वाचा.

१ लाखाची गोष्ट

घर दोन मजली, जुनं, बाजाराच्या आतल्या गल्लीत. दलाल म्हणाला, "कायकू टेन्शन लेते भाई, पेपर सब क्लिअर है." आपला माणूस अगदीच भोळा नव्हता. त्यानं 'ईसी' काढायला लावली. ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट : त्या मालमत्तेवर कोणते नोंदणीकृत व्यवहार झाले, गहाण आहे का, याचा उतारा. ईसी स्वच्छ निघाली. त्यानं १ लाख रुपये रोख दिले, साध्या कागदावर पावती घेतली.

खरेदीखताच्या वेळी कळलं की घर वडिलांच्या नावावर. वडील वारले. विकायला निघालेले तीन भाऊ, पण त्यांना दोन बहिणी आहेत. बहिणींना विचारलेलंच नव्हतं, आणि त्या सही द्यायला तयार नाहीत. व्यवहार थांबला. भाऊ म्हणतात, पैसे खर्च झाले, देऊ. दोन वर्षं झाली, अजून 'देऊ'च चाललंय. ते पैसे नवीन होडीसाठी साठवलेले होते.

यातून काय शिकायचं? ईसी खोटी नव्हती. पण ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार दिसतात. मालक मेला, त्याला किती वारस आहेत, घरात कोण बसलंय, कोर्टात भांडण चालू आहे का, हे त्यात येईलच असं नाही. एकाच कागदावर विसंबणं म्हणजे पाण्याचा वरचा थर बघून तलावाची खोली ठरवणं.

आधी हिशेब : घर दिसतं तितकं भाडं देत नाही

कागदांकडे जाण्याआधी परवडतं का ते बघू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत, बाजारभाव म्हणून नाही. तुमचे आकडे घालून बघा.

समजा जुना फ्लॅट ३५ लाखांना. तेलंगणात शहरी भागात नोंदणीचा खर्च साडेसात टक्के येतो : मुद्रांक शुल्क ५.५, ट्रान्सफर ड्युटी १.५, नोंदणी फी ०.५. म्हणजे २ लाख ६२ हजार ५००. रंगरंगोटी, नळ, वायरिंग १ लाख. वकील, येणंजाणं धरून घर पडलं साधारण ३९ लाखांना.

भाडं महिना ११ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ३२ हजार. त्यातून :

- एक महिना खोली रिकामी : ११ हजार गेले
- घरपट्टी आणि मेंटेनन्स : १५ हजार
- दुरुस्ती : १० हजार

हातात राहिले ९६ हजार. ३९ लाखांवर ९६ हजार म्हणजे शेकडा जेमतेम अडीच रुपये. बँकेत ठेव ठेवली तरी यापेक्षा जास्त मिळतं.

आता यात २० लाख कर्ज घेतलं असं धरा. ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता येतो जवळपास १८ हजार. घरातून खर्च जाऊन महिन्याला सुटतात ८ हजार. म्हणजे दर महिन्याला १० हजार आपल्या खिशातून भरायचे. उन्हाळ्यात तलाव आटला, मासळी निघाली नाही, तरी हप्ता थांबत नाही. आपलं उत्पन्न हंगामी, हप्ता बारमाही. कर्ज काढताना हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा.

मग घर घ्यायचंच नाही का? तसं नाही. घराची किंमत वाढते, म्हातारपणी आधार होतो, लेकरू हैदराबादेत शिकायला गेलं तर राहायची सोय होते. पण "भाड्यातून हप्ता फिटंल" हा हिशेब बहुतेक वेळा जुळत नाही. लेकीच्या लग्नाचे, होडीचे, जाळ्याचे पैसे यात घालू नका.

आणखी एक. "संस्थेच्या फंडातून घेऊ, सगळ्यांचं होईल" असंही कोणी म्हणालं. तसं करता येत नाही. सहकारी संस्थेनं निधी कुठं गुंतवावा हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७० नं ठरवून दिलंय. चार सभासदांनी स्वतःच्या पैशानं मिळून घ्यायचं असेल तर घ्या, पण प्रत्येकाचा हिस्सा खरेदीखतात लिहून घ्या. तोंडी भागी नको.

जागा बघताना : नदीला विचारा

अफझलगंज मुसीच्या उत्तर काठावर आहे. पाचवे निजाम अफझल-उद-दौला यांच्या नावाचं हे गंज, मूळचा धान्याचा बाजार. नदीशी आपलं नातं जुनं, म्हणून हे आपल्याला सांगायला नको : पाणी आपली वाट विसरत नाही.

२८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. हजारो माणसं गेली. साधारण १५ हजारांचा आकडा सांगितला जातो. अफझलगंजचा पूल वाहून गेला. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचं एक झाड आहे, त्यावर चढून दीडशे माणसं वाचली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि वर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. तरीही २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री या तलावांचे दरवाजे उघडल्यावर इमलीबन बस स्टेशनात पाणी शिरलं आणि प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ११७ वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला.

त्यामुळे घर बघायला जाल तर भर पावसाळ्यात जा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" भिंतीवर ओलीची रेघ शोधा. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांवर दिसला तर का दिला ते विचारा.

दुसरी गोष्ट, सरकारी. मुसी सुधार प्रकल्पासाठी २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीपात्रातल्या घरांवर लाल रंगानं 'आरबी-एक्स' अशा खुणा केल्या गेल्या. चादरघाटकडची काही कुटुंबं सरकारी डबल बेडरूम घरांत हलवली गेली. नदीजवळचं घर कितीही स्वस्त मिळो, ते पात्रात किंवा बफर पट्ट्यात येतं का हे महसूल खात्याकडून आणि महापालिकेकडून लेखी कळल्याशिवाय एक रुपया देऊ नका. घरपट्टीची पावती आहे, लाईटचं मीटर आहे, म्हणजे घर अधिकृत आहे असं होत नाही.

भाडेकरू कोण मिळेल?

आपण तलावात बीज सोडताना बघतो ना, पाणी कुठल्या माशाला मानवतं? तसंच घराचं. अफझलगंजला भाडेकरू चार प्रकारचे :

१. बाजारातली माणसं. बेगमबाजार, उस्मानगंजचे मुनीम, दुकानातले कामगार, ड्रायव्हर. कायमची माणसं, भाडं बेताचं पण नेमानं येतं.

२. शिकणारी पोरं. अफझलगंजला राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, पूर्वीचं आसफिया. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर तिथं अभ्यास करतात. कोटीला मेडिकल कॉलेज, जांबागला आपल्या मराठी माणसांनी उभं केलेलं विवेक वर्धिनी. पोरं दर वर्षी बदलतात, खोली मधे रिकामी पडते.

३. दवाखान्याची माणसं. नर्स, टेक्निशियन, शिकाऊ डॉक्टर. इथं एक सावधगिरी. नव्या उस्मानिया दवाखान्याची पायाभरणी ३१ जानेवारी २०२५ ला गोशामहलला झाली. २००० खाटांचा दवाखाना. जागा फार लांब नाही, पण दवाखाना हलला की माणसांची रहदारी कुठून कुठं सरकेल याचा विचार करा. जुन्या दवाखान्याच्या गेटसमोर म्हणून जास्त पैसे मोजू नका. एमजीबीएसला मेट्रोच्या दोन लाईन मिळतात, हा फायदा मात्र राहणारच.

४. पेशंटचे नातेवाईक, रोजच्या भाड्यानं. यात पैसा दिसतो, पण हे 'घर भाड्यानं देणं' राहत नाही, तो लॉजचा धंदा होतो. महापालिकेचं लायसन्स, येणाऱ्याजाणाऱ्यांचं रजिस्टर, व्यापारी दराचं लाईट बिल, सगळं लागतं. गावात राहून हे सांभाळता येत नाही.

'मुलगी' भाड्याने देणे आहे!

हैदराबादेत पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा आपला एक जण दचकला होता. तिकडं 'मुलगी' म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेला दुकानाचा गाळा. कुणी मलगी म्हणतं. खरेदीखतातही हाच शब्द येतो. अफझलगंजची बरीच जुनी घरं अशीच : खाली मुलग्या, वर राहतं घर.

असं घर घेताना दोन गोष्टी. एक, दुकान आणि राहती जागा यांचा हिशेब वेगळा : घरपट्टी वेगळी, लाईटचा दर वेगळा, करार वेगळा. दोन्हींचा एकच करार करू नका.

दुसरी गोष्ट जिवाची. १८ मे २०२५ ला चारमिनारजवळ गुलजार हौजला अशाच इमारतीत आग लागली. खाली दुकानं, वर कुटुंब, बाहेर पडायला अरुंद वाट. १७ माणसं गेली, त्यात ८ लेकरं. त्याआधी १३ नोव्हेंबर २०२३ ला नामपल्लीच्या बाजारघाटात तळमजल्यावर साठवलेल्या केमिकलच्या पिंपांनी पेट घेतला आणि वरच्या मजल्यावरची माणसं धुरात सापडली.

म्हणून घर घेताना जिना मोजा. आग लागली तर वरचं माणूस दुसऱ्या कुठल्या वाटेनं गच्चीवर किंवा शेजारी जाऊ शकतं का, बघा. मीटरची पेटी जिन्याखाली असेल तर हलवून घ्या. जुनी वायरिंग बदला, हा खर्च पहिल्याच वर्षी करा. आणि मुलगीच्या करारात लिहा : ज्वालाग्राही माल, केमिकल, फटाके, जादा गॅस सिलिंडर ठेवायचे नाहीत, मालक कधीही येऊन बघेल. आपलं घर भाड्यानं देताना त्यातल्या माणसांचा जीवही थोडा आपल्या हाती येतो.

कागदपत्रं : ही यादी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा

१. मूळ खरेदीखत आणि मागची साखळी. तिकडं 'लिंक डॉक्युमेंट' म्हणतात. आजच्या मालकाकडं घर कसं आलं, त्याच्या आधीच्याकडं कसं आलं, किमान ३० वर्षांची साखळी बघा. जुने दस्त उर्दूत निघतील. आपल्या आजोबांच्या पिढीला निजामाच्या राज्यात उर्दू कागद वाचता यायचे, आपल्याला येत नाहीत. अंदाज लावू नका, जाणकाराकडून मराठीत किंवा इंग्रजीत भाषांतर करून घ्या.

२. ईसी. तेलंगणाच्या नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर १९८३ पासूनची मिळते. त्याआधीची सब-रजिस्ट्रार ऑफिसातून काढावी लागते.

३. बंदी यादी. नोंदणी कायद्याच्या कलम २२-अ खाली सरकारी, वक्फ, देवस्थानाच्या ज्या जमिनींची नोंदणी होत नाही त्यांची यादी त्याच वेबसाइटवर दिसते. या जुन्या भागात वक्फच्या मालमत्ता बऱ्याच आहेत, त्यामुळे वक्फ बोर्डाकडं वेगळी चौकशी करा.

४. वारस. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची यादी सरकारी दाखल्यानुसार. मुली, विधवा, परदेशी गेलेला भाऊ, सगळे. सगळ्यांच्या सह्या हव्यात. एखादा वारस १८ वर्षांखालचा असेल तर त्याचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी लागते.

५. बांधकाम परवानगी आणि प्रत्यक्ष मजले. परवानगी दोन मजल्यांची आणि उभे चार, तर वरचे दोन कधीही अडचणीत येतील. माप 'गजा'त सांगतात. एक चौरस गज म्हणजे ९ चौरस फूट.

६. घरपट्टी, पाणी, लाईट यांची थकबाकी नसल्याच्या पावत्या. घरपट्टीचा 'पीटीआयएन' नंबर, पाण्याचा 'कॅन' नंबर, लाईटचा 'यूएससी' नंबर लिहून घ्या. तिन्ही बिलं ऑनलाइन बघता येतात.

७. आत कोण राहतं. हे कागदावर दिसत नाही, जाऊन बघायचं. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

नोटरीचं घर? "नोटरी पेपर आहे, निम्म्या किमतीत मिळतंय" असं कोणी म्हणालं तर हात जोडून परत या. १०० रुपयांवरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकत घेता येत नाही. नोटरीचा शिक्का सहीची साक्ष देतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्रावर, म्हणजे जीपीएवर झालेल्या 'विक्री'नं मालकी मिळत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०११ सालीच सांगितलंय.

नवीन फ्लॅट घेत असाल तर बिल्डरचा प्रकल्प तेलंगणा रेरामध्ये नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

पैसे देताना

इसार द्यायचा तो बँकेतून. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं-देणं आयकर कायद्याला मान्य नाही. इसार पावती साधी नको. करार करा आणि त्यात लिहा : कागदात दोष निघाला किंवा सगळे वारस सहीला आले नाहीत तर किती दिवसांत पूर्ण रक्कम परत. आपल्या सभासदाच्या पावतीत ही एक ओळ असती तर आज त्याची बाजू भक्कम असती.

व्यवहार ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणाऱ्यानं १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा. विकणारा परदेशात राहणारा असेल, आणि जुन्या शहरात असे मालक पुष्कळ आहेत, तर नियम वेगळे, दर जास्त, आणि ५० लाखांची मर्यादाही लागत नाही. सीएला विचारूनच पुढं जा. वकीलही आपला निवडा, दलालानं आणलेला नको.

आत जुना भाडेकरू असेल तर

स्वस्त घर दिसलं की पहिला संशय हाच घ्या. तेलंगणात १९६० चा भाडे नियंत्रण कायदा आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर महापालिका हद्दीत महिना ३५०० रुपयांपेक्षा जास्त भाड्याची घरं या कायद्यातून बाहेर गेली. याचा अर्थ असा :

भाडं ३५०० च्या वर असेल तर मुदत संपल्यावर किंवा रीतसर नोटीस देऊन दिवाणी कोर्टात जावं लागतं. भाडं त्याहून कमी, जुन्या जमान्यातलं असेल, तर रेंट कंट्रोलरकडं जाऊन ठरावीक कारणच सिद्ध करावं लागतं : भाडं थकवलं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे, वगैरे. बाजारातल्या जुन्या घरांत काहीशे रुपये भाड्यावर तीन पिढ्या राहिलेली कुटुंबं सापडतात. विकणारा म्हणतो, "रजिस्ट्री के बाद खाली करा देतूं." नाही. रिकामं करून मगच रजिस्ट्री. नाहीतर घर तुमचं, घरपट्टी तुमची, आणि राहणार दुसरंच कोणी.

करार : तलावाचा ठेका आठवा

भाडेकरार म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तलाव आपण पाच वर्षांच्या ठेक्यानं घेतो. मुदत किती, रक्कम कधी भरायची, काय करायचं, काय नाही, भरलं नाही तर काय, सगळं लिहिलेलं असतं. फरक इतकाच की तिथं भाडेकरू आपण. इथं पारडं फिरलंय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात घराचा करार कितीही मुदतीचा असो, लेखी हवा आणि नोंदवायला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तेलंगणात हा आपला कायदा लागू नाही. पण तिथंही नोंदणी कायद्यातल्या राज्याच्या दुरुस्तीनुसार करार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो. लोक ११ महिन्यांचा करतात, पण त्यानं नोंदणी टळत नाही. ११ महिन्यांचा असला तरी योग्य स्टॅम्पवर, दोन साक्षीदारांसह, लेखीच करा.

करारात या गोष्टी असू द्या :

- भाडं, तारीख, अॅडव्हान्स (तिकडं डिपॉझिटला हाच शब्द), वर्षानं किती वाढ
- लाईट, पाणी, मेंटेनन्स कोण भरणार, मीटरचा सुरुवातीचा आकडा
- कोण कोण राहणार, त्यांची नावं
- पोटभाडेकरू ठेवायचा नाही
- दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस
- लहान दुरुस्ती कोणाकडे, मोठी कोणाकडे
- अॅडव्हान्स किती दिवसांत परत, कशासाठी कापायचा

चावी देण्याआधी प्रत्येक खोलीचा, नळाचा, मीटरचा व्हिडिओ काढा आणि भाडेकरूला पाठवा. आधारची प्रत घ्या, जुन्या मालकाला एक फोन करा, आणि जवळच्या पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्या.

गावात राहून घर सांभाळायचं कसं?

- एकच माणूस नेमा. तिथला विश्वासू नातेवाईक किंवा ओळखीचा. त्याला फुकट राबवू नका, ठरवून मोबदला द्या. भाडं मात्र थेट तुमच्या खात्यात येऊ द्या. भाडं गोळा करणारा आणि हिशेब ठेवणारा एकच झाला की संस्थेत काय होतं ते आपल्याला ऑडिटनं शिकवलंय.
- वर्षातून दोनदा स्वतः जा. एकदा मृगाच्या आधी : गच्ची, गटार, वायरिंग. त्याच सुमारास नामपल्लीला माशाचा प्रसाद असतो, मरळ घशात सोडतात तो. एका खेपेत दोन कामं. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, करार नवा करायला.
- घरपट्टी एप्रिलमध्येच भरा. महापालिका एप्रिलात वर्षाची पट्टी भरणाऱ्यांना ५ टक्के सूट देत आली आहे.
- पाणी. घरगुती जोडणीला महिना २० हजार लिटर मोफत मिळतं, पण मीटर चालू आणि आधार जोडलेलं हवं. ही दोन कामं मालकानं करून ठेवावीत.
- आयकर. भाड्याचं उत्पन्न दाखवावं लागतं. भरलेली घरपट्टी वजा जाते, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट सूट, कर्ज असेल तर व्याजाचीही. पावत्या जपा.
- दुरुस्तीचा डबा. दर महिन्याच्या भाड्यातला दहावा हिस्सा बाजूला ठेवा. जाळं फाटल्यावर दोरा शोधायचा नसतो, आधीच घरात असावा लागतो.
- भाडं थकलं तर पहिल्याच महिन्यात बोला, दुसऱ्यात लेखी नोटीस. लाईट-पाणी तोडणं, कुलूप लावणं, सामान बाहेर फेकणं हे बेकायदा आहे. केस उलटी तुमच्यावर पडते.

शेवटचं, मनातलं

आपली पोरं शहरात खोली बघायला जातात तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? "घरी मासे शिजवणार का?" आडनाव ऐकून, धंदा ऐकून खोली 'आत्ताच गेली' होते. आपल्या किती लेकरांनी हे सोसलंय ते ऑफिसात बसून आम्ही ऐकलंय. एका पोरीनं तर सांगितलं, खोली टिकावी म्हणून वर्षभर आईनं दिलेलं सुकट तिनं डब्यातच ठेवलं.

उद्या आपण मालक झालो तर समोर उभा असलेला माणूस कधीकाळी आपणच होतो हे विसरू नका. भाडं वेळेवर देतो का, घर नीट ठेवतो का, एवढंच विचारा. जात, धर्म, चुलीवर काय शिजतं, हे विचारू नका.

आणि ज्याला घाई झालीय त्यानं इसार देण्याआधी कागदांच्या झेरॉक्स घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. आम्ही वकील नाही, पण चार डोळे जास्त बघतील, आणि कोणत्या कागदासाठी वकिलाकडं जायचं एवढं नक्की सांगू. १ लाख अडकलेला आपला सभासदही म्हणालाय, "कोणी येणार असंल तर मला बोलवा, मी बसतो त्याच्यासंगं."

घर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ही पोस्ट पाठवा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं उत्तर देऊ.

जय सहकार!